गांडुळाचा घास

‘गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे,’ हे वाक्य प्राथमिक शाळेत पाठ केले नाही असा विद्यार्थी विरळाच. परीक्षेत ते लिहिले की एक गुण मिळतो आणि पुढे ते विस्मरणात जाते. परंतु कोणालाही मित्र म्हटले की त्याच्यासंबंधी काही कर्तव्यही आपल्याकडे येते. ह्या मित्राच्या मुखी आज आपण काय घालीत आहो, त्याचे त्याला काय होते आणि अखेरीस आपल्याला काय होते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विषय सुचण्याचे कारण आमच्या शाळेच्या आवारातच घडले. प्रयोगशाळेच्या मागील बाजूस कंपोस्टचा एक खड्डा आहे. दोन वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी पोहे-जिलेबीच्या रिकाम्या कागदी बशा आणि चहाचे कागदी पेले ह्यांचा मोठा ढीग जमला. ‘कागद कुजतोच, टाका खड्ड्यात,’ असे आम्हीच मुलांना सांगितले. पुढे पावसाळा सरल्यावर खत चाळावयास घेतले, तेव्हा त्यात कागद कोठेच नव्हता. परंतु चिंध्या झालेला एक पातळ, पारदर्शक पापुद्रा जागोजागी दिसू लागला. त्या बशांना आणि पेल्यांना आतून प्लॅस्टिकचा लेप असतो, ही गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. आठवीतील एका मुलीने मूठभर खत हातात घेतले. त्यात एक गांडूळ वळवळत होते आणि त्याच्या अंगाला तसलाच एक तुकडा चिकटला होता. ‘सर, हे केव्हा कुजणार?’ तिने विचारले. आम्हांला उत्तर देता आले नाही. चूक आमची होती. तेव्हा उत्तर शोधण्याचे कामही आमचेच होते.

गांडुळाचे काम

गांडुळास डोळे नाहीत, कान नाहीत, दात नाहीत आणि फुप्फुसेही नाहीत. उजेडाची जाणीव त्याला त्वचेतील विशिष्ट पेशींमुळे होते आणि त्याचा श्वासोच्छ्वासही ओलसर त्वचेतूनच चालतो. मुखावाटे ते माती आणि कुजकी पाने गिळते. पुढे पेषणी नावाच्या बळकट स्नायूंच्या पिशवीत, गिळलेल्या बारीक खड्यांच्या साहाय्याने, हा घास दळला जातो. आतड्यात त्यातील पोषक अंश शोषला जातो आणि उरलेला भाग विष्ठेच्या रूपाने बाहेर पडतो. ही विष्ठा म्हणजेच आपण पावसाळ्यात हिरवळीवर पाहतो त्या मातीच्या लहान लहान गोळ्यांच्या राशी. ह्या वर्णनातील एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. बाहेरील पदार्थ गांडुळाच्या शरीरात जाण्यास दोन द्वारे आहेत, एक त्वचा आणि दुसरे मुख. आणि ह्या दोन्ही द्वारांवर नको ते सर्व अडविणारा पहारेकरी नाही.

ह्या क्षुद्र दिसणाऱ्या प्राण्याचे मोठेपण जगाला पटवून दिले ते चार्ल्स डार्विन ह्या थोर शास्त्रज्ञाने. आपल्या डाऊन येथील घराजवळच्या एका शेतावर त्याने २० डिसेंबर १८४२ रोजी खडूचे तुकडे पसरविले आणि तो थांबला. थांबला तो एकदोन वर्षे नव्हे, तर २९ वर्षे! १८७१ च्या नोव्हेंबरात तेथे चर खणून पाहिले, तेव्हा खडूच्या तुकड्यांची पांढरी रेघ पृष्ठभागाखाली ७ इंचांवर सापडली. खडू आपण होऊन खाली गेला नव्हता. गांडुळांनी खालची माती वर आणून त्यावर पसरली होती. १८८१ साली, म्हणजे आपल्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, डार्विनने गांडुळांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडच्या अनेक भागांत प्रत्येक एकरामागे दरवर्षी १० टनांहून अधिक कोरडी माती गांडुळांच्या शरीरातून जाऊन वर येते, असा अंदाज त्याने त्यात मांडला.

सर्व गांडुळे मात्र एकसारखे काम करीत नाहीत. काही जाती पृष्ठभागावरील पाचोळ्यातच राहतात; गांडूळखताच्या टाक्यांत पाळण्यात येणारी ‘आयसेनिया फेटिडा’ ही तांबूस जात ह्यांपैकी होय. काही जाती मातीच्या वरच्या थरांत आडवी बिळे करून मातीच खात असतात. काही जाती खोल, उभी बिळे करतात आणि रात्री वर येऊन पाने ओढून आत नेतात. ह्या बिळांतून पावसाचे पाणी जमिनीत मुरते, हवा खेळते आणि मुळांना वाट मिळते. नांगर वर्षातून एकदोनदाच चालतो. जमिनीत ओल आहे तोवर हा नांगर चालूच असतो.

इंदूरचे देणे

कंपोस्ट आणि गांडूळ ह्यांची कथा सांगताना आपल्या इंदूर शहराचा उल्लेख टाळता येणार नाही. १९२४ ते १९३१ ह्या काळात सर अल्बर्ट हॉवर्ड हे वनस्पतिशास्त्रज्ञ येथील ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ ह्या संस्थेचे संचालक होते. आजचे कृषी महाविद्यालय त्याच जागी उभे आहे. शेतातील काडीकचरा, जनावरांचे शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख ह्यांचे थर देऊन, तीन वेळा खालीवर करून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची पद्धत त्यांनी येथे सिद्ध केली. जगभर ती आजही ‘इंदूर पद्धती’ ह्या नावाने ओळखली जाते. १९३१ साली ह्या पद्धतीवर जो ग्रंथ निघाला, त्यावर हॉवर्ड ह्यांच्याबरोबर यशवंत वाड ह्या त्यांच्या सहकाऱ्याचेही नाव आहे. पुढे १९४५ साली डार्विनच्या गांडुळांवरील ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा तिला प्रस्तावना लिहिली तीही हॉवर्ड ह्यांनीच.

ह्या पद्धतीचे मर्म एका वाक्यात सांगता येते: जे मातीतून आले ते मातीला परत द्यावे. ह्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. खड्ड्यात जे जाईल ते कुजणारे असेल, हीच ती गोष्ट. हॉवर्ड आणि वाड ह्यांचा ग्रंथ निघाला त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३३ साली, इंग्लंडमधील एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत अकस्मात एक मेणासारखा पांढरा पदार्थ हाती लागला. तो पदार्थ म्हणजे पॉलिथीन. आजच्या पिशव्या, दुधाच्या थैल्या आणि आमच्या त्या कागदी बशांवरील लेप हा सारा त्याचाच विस्तार आहे. इंदूरच्या खड्ड्यात हा पाहुणा येईल, अशी कल्पनाही त्या दोघांना असणे शक्य नव्हते.

पहिला पाहुणा: जड धातू

कॅडमियम, शिसे, पारा, तांबे, जस्त, निकेल, क्रोमियम ह्यांना सामान्यतः जड धातू म्हणतात. आर्सेनिक हा खरा धातू नसला तरी त्याची गणना ह्याच पंक्तीत करतात. ह्यांतील तांबे आणि जस्त अल्प प्रमाणात पिकांना आणि प्राण्यांना आवश्यकच असतात. परंतु औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा ह्यांत अंतर असते, ते येथेही आहे. शिसे, पारा आणि कॅडमियम ह्यांचा तर गांडुळाला किंवा आपल्याला काहीच उपयोग नाही.

हे धातू शेतात येतात कोठून? काही खडकांतूनच मातीत उतरलेले असतात. बाकीचे आपण आणतो. स्फुरदयुक्त खते ज्या दगडापासून करतात, त्यात कॅडमियमचा अंश असू शकतो. मोरचूद आणि चुना ह्यांचे बोर्डो मिश्रण बागांवर फवारले की तांबे मातीत उतरते. जुने रंग आणि विजेऱ्या ह्यांतून शिसे येते. फुटलेल्या तापमापकातून आणि नळीच्या दिव्यातून पारा येतो. कारखान्यांचे सांडपाणी ओढ्यात मिसळले आणि त्या पाण्यावर भाजी पिकविली, तर अनेक धातू एकाच वेळी येतात.

धातूंचा विशेष असा, की ते कुजत नाहीत आणि जळतही नाहीत. ते मूळद्रव्ये आहेत. त्यांचे रूप बदलेल, पण त्यांचा नाश होणार नाही. पिकाबरोबर थोडा अंश निघून जातो. बाकीचा मातीतच साठत राहतो.

गांडुळावर ह्याचा परिणाम काय होतो, ह्याचा पहिला पाठ इंग्लंडमधील विस्बेच भागातील सफरचंदाच्या बागांनी दिला. तेथे वर्षानुवर्षे ताम्रयुक्त औषधांची फवारणी चालली होती. १९६० च्या सुमारास संशोधकांनी ह्या बागांची पाहणी केली, तेव्हा झाडांखाली गळलेल्या पानांचा एक घट्ट थर न कुजता साचून राहिलेला दिसला. पाने ओढून नेणारी गांडुळेच तेथे उरली नव्हती. कामगार संपावर गेल्यावर रस्त्यावर कचरा साचावा, तसा हा प्रकार होता. भेद इतकाच, की हे कामगार संपावर गेले नव्हते, संपले होते.

दुसरा पाठ ब्रिस्टलजवळील ॲव्हनमाउथ येथील धातू वितळविण्याच्या कारखान्याच्या परिसरात मिळाला. तेथील माती कॅडमियम, तांबे, शिसे आणि जस्त ह्यांनी दूषित झाली होती. ह्या धातूंची गांडुळांवर प्रयोगशाळेत परीक्षा करून संशोधकांनी असा निष्कर्ष काढला, की तेथील गांडुळांची संख्या रोखून धरणारा मुख्य धातू बहुधा जस्त हाच असावा. पिकाला उपकारक असणारा धातूच अतिरेकाने अपकारक ठरला.

ह्याच प्रयोगांतून आणखी एक महत्त्वाचे तत्त्व हाती आले. ज्या प्रमाणात गांडूळ मरत नाही, त्याहून पुष्कळच कमी प्रमाणात त्याचे प्रजनन मंदावते. म्हणून गांडुळांवरील परीक्षेच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीही दोन प्रकारच्या आहेत. १९८४ साली ठरलेल्या पद्धतीत १४ दिवसांनी किती गांडुळे जिवंत राहिली ते मोजतात. २००४ साली ठरलेल्या पद्धतीत मोठी गांडुळे ४ आठवडे ठेवून काढून घेतात आणि आणखी ४ आठवड्यांनी त्यांच्या कोशांतून किती पिले निपजली ते मोजतात. पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेली माती दुसरीत अनुत्तीर्ण होऊ शकते. शेतात आज गांडुळे दिसतात, म्हणून उद्याही दिसतील असे समजणे कसे धोक्याचे आहे, ते ह्यावरून कळून येईल.

गांडूळ अगदीच निराधार आहे, असे मात्र नाही. त्याच्या आतड्याभोवती पिवळसर पेशींचे एक वेष्टन असते. त्यांत ते अनेक धातू बंदिस्त करून ठेवते. कॅडमियमला बांधून ठेवणारी विशिष्ट प्रथिनेही त्याच्या शरीरात तयार होतात. पण ही संरक्षणाची युक्ती दुसऱ्या कोणाच्या तरी मुळावर येते. मातीत जितके कॅडमियम असते, त्याहून अधिक प्रमाण गांडुळाच्या शरीरात साठू शकते. आणि त्या गांडुळास साळुंकी, बगळा किंवा कोंबडी टिपते तेव्हा तो साठा तिच्या पोटात जातो.

दुसरा पाहुणा: सूक्ष्म प्लॅस्टिक

५ मिलिमीटरहून लहान असलेल्या प्लॅस्टिकच्या कणांना सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात. हा शब्द रूढ झाला तो २००४ साली रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी समुद्रातील प्लॅस्टिकवर लिहिलेल्या एका निबंधामुळे. समुद्राकडे लक्ष गेल्यावर मातीकडे लक्ष जाण्यास आणखी सुमारे १० वर्षे लागली. शेतात प्लॅस्टिक अनेक वाटांनी येते. भाजीच्या वाफ्यांवर अंथरलेला मल्चिंग पेपर उन्हाने ठिसूळ होऊन फाटतो. ठिबकच्या नळ्या, बियाण्याच्या आणि खताच्या पिशव्यांचे दोरे, रस्त्यावर झिजणाऱ्या टायरांची धूळ आणि न निवडलेल्या कचऱ्याचे खत ह्या इतर वाटा होत. ऊन आणि नांगर ह्यांमुळे मोठ्याचे लहान आणि लहानाचे सूक्ष्म होते; परंतु आपल्या व्यवहाराच्या काळात त्याची माती होत नाही.

नेदरलँड्समधील वाखनिंगन येथील संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पॉलिथीनची बारीक पूड पाचोळ्यात निरनिराळ्या प्रमाणात मिसळून ती युरोपातील खोल बिळे करणाऱ्या गांडुळांना ६० दिवस देण्यात आली. वजनाने २८ टक्के आणि त्याहून अधिक पूड असलेल्या पाचोळ्यावर गांडुळांची वाढ खुंटली आणि मृत्यूचे प्रमाण वाढले. ७ टक्क्यांवर तसे झाले नाही. येथे न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे, की २८ टक्के हे प्रमाण सामान्य शेतात आढळणाऱ्या प्रमाणापेक्षा फारच मोठे आहे. म्हणून ह्या प्रयोगावरून आपल्या शेतातील सर्व गांडुळे उद्याच मरतील, असा अर्थ कोणी काढू नये.

परंतु कमी प्रमाणात काहीच होत नाही, असेही नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका प्रयोगात सुमारे एक महिना पॉलिथीनचे कण असलेल्या मातीत राहिलेल्या गांडुळांचे वजन सरासरीने ३.१ टक्के घटले, तर स्वच्छ मातीतील गांडुळांचे ५.१ टक्के वाढले. ज्याने पोट भरते पण अंगी लागत नाही, असा घास खाणाऱ्याची जी दशा होते तीच ही दशा होय.

आता डार्विनच्या खडूची आठवण करावी. खडू मातीखाली गेला, तसेच प्लॅस्टिकही जाते काय? बर्लिन येथील संशोधकांनी २०१७ साली हे तपासले. मातीच्या कुंड्यांवर चार आकारांचे प्लॅस्टिकचे मणी पसरून त्यांत गांडुळे सोडण्यात आली. २१ दिवसांत मणी खालच्या थरांत पोहोचले. आणि जे सर्वांत लहान होते, तेच सर्वांत खोल गेले. काही मणी गांडुळांच्या अंगाला चिकटून गेले असावेत, काही त्यांच्या पोटातून आणि काही बिळांतून. जे काम मातीला वरदान ठरले होते, त्याच कामाने नकोसा पदार्थ खोलवर पेरला गेला. वर दिसत नाही म्हणून तो गेला, असे आपण म्हणतो. वस्तुतः तो आपल्या हाताबाहेर गेलेला असतो.

हा घास पुढे कोठवर जातो, ह्याचे एक उदाहरण मेक्सिको देशाच्या आग्नेय भागातील परसबागांतून मिळाले आहे. तेथे कचऱ्यातील प्लॅस्टिक जाळून परसातच पुरण्याची चाल आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेथील १ ग्रॅम मातीत सरासरीने ०.८७ कण, गांडुळांच्या १ ग्रॅम विष्ठेत १४.८ कण आणि तेथेच चरणाऱ्या कोंबड्यांच्या १ ग्रॅम विष्ठेत १२९.८ कण आढळले. ह्या तीन आकड्यांवर आणखी भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

दोघे एकत्र आले तर?

धातू आणि प्लॅस्टिक शेतात वेगवेगळे राहत नाहीत. प्लॅस्टिकचा जुना, झिजलेला कण आपल्या पृष्ठभागावर धातूंचे अंश धरून ठेवतो. मग तो धातूला वाहून नेणारी गाडी ठरतो काय, हा प्रश्न उभा राहतो. इंग्लंडमधील यॉर्क येथे २०१७ साली पिशव्यांच्या तुकड्यांवर जस्त बसवून हे तपासण्यात आले. गांडुळाच्या आतड्यासारख्या कृत्रिम द्रवात ठेवले असता मातीवरील जस्तापैकी २ ते १५ टक्के सुटे झाले, तर प्लॅस्टिकवरील जस्तापैकी ४० ते ६० टक्के सुटे झाले. असे असूनही, जी गांडुळे प्रत्यक्ष त्या मातीत ठेवली होती त्यांच्या शरीरात अधिक जस्त साठलेले आढळले नाही आणि ती मेलीही नाहीत. उलट कॅडमियम आणि प्लॅस्टिक एकत्र देऊन केलेल्या काही प्रयोगांत गांडुळांत कॅडमियम अधिक साठल्याचे दिसून आले आहे. अर्थात धातू कोणता, प्लॅस्टिक कोणते आणि माती कोणती, ह्यांवर परिणाम अवलंबून असतो. विज्ञानात ‘अद्याप पुरते ठरलेले नाही’ हेही एक प्रामाणिक उत्तर असते, आणि विद्यार्थ्यांनी ते देण्यास लाजू नये.

आपल्या माळव्याच्या काळ्या मातीपुरते पाहिले, तर काही गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत. ही माती चिकण आहे, तीत चुना आहे आणि तिचा गुण बहुधा अल्कधर्मी आहे. अशी माती पुष्कळशा धातूंना घट्ट धरून ठेवते. आम्ल मातीत ते अधिक मोकळे होतात. परंतु धरून ठेवणे म्हणजे नाहीसे करणे नव्हे. सावकाराने हप्ता मागितला नाही म्हणून कर्ज फिटले असे होत नाही.

चाळणीची मर्यादा

आता शहराच्या कचऱ्यापासून होणाऱ्या खताकडे वळू. आपल्या देशात खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये धातू किती असावेत ह्याची मर्यादा ठरलेली आहे. १ किलो खतात कॅडमियम ५ मिलिग्रॅम, शिसे १००, तांबे ३०० आणि जस्त १००० मिलिग्रॅमहून अधिक असू नये. पाऱ्याची मर्यादा तर अवघी ०.१५ मिलिग्रॅम आहे.

ह्यावर एक छोटे गणित करून पाहू. समजा, एखाद्या खतात कॅडमियम अगदी मर्यादेइतके आहे आणि ते एकरी दरवर्षी २ टन घातले. १० वर्षांत २० टन खत पडेल आणि त्याबरोबर १०० ग्रॅम कॅडमियम शेतात येईल. एका एकरातील वरच्या ६ इंच मातीचे वजन ढोबळ मानाने ९०० टन धरले, तर १ किलो मातीमागे सुमारे ०.११ मिलिग्रॅमची भर पडली. ही भर लहान आहे, हे खरे. परंतु ती दर दहा वर्षांनी होत राहील आणि सहजासहजी वजा होणार नाही, हेही तितकेच खरे. म्हणून नियमाची मर्यादा म्हणजे तेथवर घालण्याची मुभा नव्हे. त्याच्या जितके खाली राहता येईल तितके बरे.

त्याच आदेशात असेही आहे, की शहरी कंपोस्टचा किमान ९० टक्के भाग ४ मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे. चाळणी मोठे तुकडे अडविते. पण सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणजे ५ मिलिमीटरहून लहान कण, हे आपण वर पाहिले. म्हणजे ज्याचे कण झाले, ते बहुतांशी चाळणीतून खतातच जाणार! सर्व विवेचनाचे सार ह्या एका गोष्टीत आहे. कचरा एकदा मिसळला आणि बारीक झाला, की मग चाळणीला तो निवडता येत नाही, यंत्राला निवडणे कठीण जाते आणि गांडुळाला तर मुळीच निवडता येत नाही. निवडण्याची खरी वेळ एकच असते: वस्तू आपल्या हातात असते तेव्हाची.

आपले इंदूर स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २०१७ पासून २०२३ पर्यंत सतत पहिल्या क्रमांकावर राहिले; २०२३ मध्ये सुरत शहराने तो मान आपल्याबरोबर वाटून घेतला. फेब्रुवारी २०२२ मध्ये देवगुराडिया येथे दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू आणि खत तयार करण्याचा प्रकल्प सुरू झाला. दारावर गाडी येते, आपण ओला आणि सुका कचरा वेगळा देतो, आणि आपले काम संपले असे समजतो. परंतु ओल्याच्या डब्यात दुधाच्या थैलीचा कापलेला कोपरा, शाम्पूच्या पुडीची टोकाची चिंधी, चहाचा पेला ह्यांपैकी काही जात नाही, असे आपल्यापैकी किती जण छातीवर हात ठेवून सांगू शकतील? आम्ही स्वतः सांगू शकलो नाही, हे आरंभीच कबूल केले आहे. पैशाच्या हिशेबात ती चिंधी शून्य आहे. गांडुळाच्या घासात ती शून्य नाही.

करून पाहण्यासारखा एक प्रयोग

विद्यार्थिमित्रांनो, केवळ वाचून विश्वास ठेवण्यापेक्षा पाहून ठेवलेला बरा. घरच्या किंवा विकतच्या खताची एक ओंजळ उन्हात वाळवा. एका काचेच्या बरणीत पाणी घेऊन त्यात ती घाला, काडीने ढवळा आणि बरणी रात्रभर स्थिर ठेवा. माती आणि खडे तळाशी बसतील. पॉलिथीन पाण्याहून हलके असल्याने ते वर तरंगेल. त्याच्या जोडीला काड्या आणि भुसाही तरंगेल. वर आलेले सर्व कापडावर गाळून वाळवा आणि भिंगाखाली पाहा. काडी तपकिरी दिसते, तिच्यात तंतू असतात आणि ती कटकन मोडते. प्लॅस्टिकचा तुकडा चकचकीत असतो, ताणला तर लांबतो आणि त्याचे रंगही निसर्गात न आढळणारे असतात. सर्वच प्लॅस्टिक तरंगत नाही. पाण्याच्या बाटल्यांचे आणि नळांचे प्लॅस्टिक बुडते. म्हणून बरणीत वर काही दिसले नाही तरी ‘आमचे खत शुद्ध’ असा दाखला लगेच देऊ नये. प्रयोग संपल्यावर सापडलेले तुकडे बागेत न फेकता सुक्या कचऱ्यात टाकावेत आणि हात साबणाने धुवावेत.

उपसंहार

शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण शेतात पडणाऱ्या अनेक वस्तूंचा उगम आपल्या घरातच असतो. जुन्या विजेऱ्या, तापमापक, नळीचे दिवे आणि रंगांचे डबे वेगळे ठेवावेत. ज्यांना शेती आहे त्यांनी मल्चिंग पेपर जाड प्रतीचा घ्यावा, म्हणजे तो हंगामानंतर अखंड काढता येतो. आणि नांगरट करण्यापूर्वी तो अवश्य काढावा. पाचोळा आणि गवत ह्यांचे आच्छादन मिळत असेल, तर गांडुळाला त्याहून अधिक प्रिय असे काही नाही. तांब्याचे औषध गरजेपुरतेच फवारावे. ह्यांत अशक्य असे काहीच नाही.

ह्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मुलांनी पोहे पळसाच्या पानांच्या द्रोणांतून वाटले आणि चहासाठी घरून स्टीलचे पेले आणले. पेले धुण्याची पाळी नववीच्या वर्गाकडे होती. त्यांनी ती कुरकुर न करता पार पाडली, असे म्हटल्यास थोडी अतिशयोक्ती होईल. द्रोण खड्ड्यात गेले.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे मात्र राहिले आहे. खतातून निघालेला एक पापुद्रा आणि त्याच मापाचा पळसाच्या पानाचा एक तुकडा आम्ही मातीच्या एका कुंडीत शेजारी शेजारी पुरून ठेवला आहे. कुंडीवर तारीख घातली आहे. दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी ती उकरून पाहावयाची आणि जे दिसेल ते वहीत नोंदवावयाचे, असे ठरले आहे. पहिली नोंद झाली आहे: ‘पान नाही. पापुद्रा आहे.’ डार्विन २९ वर्षे थांबला होता. आम्ही तितकी वर्षे शाळेत असणार नाही. परंतु वही प्रयोगशाळेत राहील, आणि पुढची नोंद करणारे हात तुमचे असतील.